नागपुरात बसून जुहू ते आगत्ती : फ्लाइट सिममध्ये ग्रुप टूर कशी काढायची

राजेहो, नागपुरातून समुद्र कोणत्याही बाजूनं मोजा, सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या वरच निघतो, आणि म्हणूनच की काय पण आपल्याकडच्या सिमवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांना, किनाऱ्यावरून उडायची भारी हौस असते. एकट्यानं उडणं सगळ्यांनाच जमते. पण पाच-सात जण एकत्र निघाले की पहिल्या अर्ध्या तासात दोघं पुढे पळतात, एक जण धुक्यात हरवतो, एकाच्या घरची लाईट जाते आणि टूर तिथंच संपते. ती संपू नये म्हणून काय काय करायचं ते इथं सविस्तर लिहितो आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. रूट आखायचा तो ग्रुपमधल्या सगळ्यात नवीन पोराच्या हिशेबानं, सगळ्यात तरबेज माणसाच्या नाही. आणि खुला समुद्र शेवटी ठेवायचा. आधी किनारा डाव्या हाताला धरून धरून ग्रुपला एकत्र राहायची सवय लागू द्या, मग किनारा सोडा.

रूट असा : जुहू, रत्नागिरी, चिपी म्हणजे सिंधुदुर्ग, गोव्याचं दाबोळी, मंगळुरू, कन्नूर, कोळिकोड, कोची आणि शेवटी लक्षद्वीपमधलं आगत्ती. अंतरं नॉटिकल मैलांत धरा, सिममध्ये तीच दिसतात. जुहू-रत्नागिरी साधारण १३०, रत्नागिरी-चिपी ६०च्या आसपास, चिपी-दाबोळी ४०, दाबोळी-मंगळुरू १६०च्या जवळ, मंगळुरू-कन्नूर ७०-७५, कन्नूर-कोळिकोड ५०-५५, कोळिकोड-कोची ६५ आणि कोची-आगत्ती तब्बल २५०. म्हणजे सगळे मिळून आठशेच्या थोडे वर, चार बैठकांत आरामात होते.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच काहून जायचं, तर विमानात पायलट डाव्या सीटवर बसतो. किनाऱ्यापासून मैलभर समुद्रात राहून दक्षिणेकडे गेलात की किल्ले, खाड्या, पुळणी सगळं तुमच्याच खिडकीत दिसते. उलट दिशेनं आलात तर तेच सगळं उजवीकडच्या सीटच्या पलीकडे जाते आणि प्रत्येक जण कॅमेरा फिरवत बसतो, आणि कॅमेरा फिरवताना विमान कुठं चाललं याकडे लक्ष राहत नाही.

विमान सगळ्यांनी एकच घ्या, यात तडजोड नको. सेसना १७२ हे छोटं विमान एकशेदहा नॉटनं (तासाला तेवढे नॉटिकल मैल) जाते, सेसनाचंच मोठं कॅराव्हॅन एकशेसाठच्या आसपास, म्हणजे दोन्ही मिसळले तर तासाभरात पन्नास मैलांचं अंतर पडते आणि मग तो ग्रुप उरतच नाही. माझं मत कॅराव्हॅनच्या बाजूनं. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२०च्या साध्या एडिशनमध्येच ती येते, पंख वर असल्यामुळे खालचं मोकळं दिसते, छोट्या धावपट्टीवर उतरते आणि आगत्तीचा लांब पल्ला दीड तासात कापते. फक्त चढताना टॉर्कच्या (इंजिनाच्या जोराच्या) लाल रेषेकडे लक्ष ठेवायला नव्या पोरांना आधीच सांगून ठेवा. कोणाला एअरबसचीच हौस असेल तर त्याला समजवा की आगत्तीला धावपट्टी १२०० मीटरच आहे, तिथं खरोखरच्या प्रवाशांनाही एटीआर हे छोटं पंख्याचं विमान घेऊन जाते.

आता सेटिंगचं. मल्टिप्लेअर चालू, सर्व्हर सगळ्यांचा एकच, नेमटॅग चालू, एआय ट्रॅफिक (सिमनंच उडवलेली विमानं) बंद. वेदर लाईव्ह ठेवा म्हणजे सगळ्यांना सारखंच वारं मिळते. रात्री जेवणं झाल्यावर बसणार असाल तर वेळ हातानं सकाळची लावायची आणि ती ग्रुपवर आधीच ठरवून टाकायची, नाहीतर एकाकडे ऊन आणि दुसऱ्याकडे अंधार असा प्रकार होतो. रविवारी सकाळी तर्री पोहे खाऊन बसणार असाल तर प्रश्नच नाही, लाईव्ह टाइमच ठेवा.

सीनरीचं मात्र नीट पाहा. फुकट अ‍ॅडऑन विमानतळ भरपूर मिळतात, पण एकाकडे अ‍ॅडऑन आणि दुसऱ्याकडे सिमचं मूळचंच (डिफॉल्ट) असलं की धावपट्टीची उंची जुळत नाही, मग दुसऱ्याचं विमान हवेत तरंगताना नाहीतर जमिनीत घुसलेलं दिसते. घ्यायचं तर सगळ्यांनी तेच घ्या, नाहीतर कोणीच नाही. चिपी २०२१मध्ये सुरू झालं, गोव्याचं मोपा तर २०२३मध्ये, त्यामुळे कोणी जुन्या सिमवर असेल तर त्याच्या नकाशात ही दोन नसण्याची शक्यता आहे, आधी शोधून पाहायला सांगा. म्हणूनच गोव्यात मी दाबोळी धरलं, ते सगळीकडे सापडते.

आणि आपल्या गावचं म्हणाल तर दोन गोष्टी. एक, राउटरला छोटा यूपीएस लावा, काहून की लाईट दोन मिनिटांसाठी गेली तरी नेट जाते आणि सिम तर सगळा नकाशा नेटवरूनच ओढून राहिलं असते. दोन, मे महिन्यात दुपारी हे काम करू नका. पंचेचाळीस डिग्रीत खोलीत कूलर चालू असला तरी पीसी तापतो, फ्रेम्स पडतात म्हणजे चित्र अडखळते, आणि उतरताना फ्रेम्स पडल्या की हातातलं विमान सुटते.

टूरच्या आधी एक संध्याकाळ नागपुरातच सराव करा. हे लोकांना कंटाळवाणं वाटते पण टूर टिकते ती यामुळेच. सोनेगाव विमानतळावरून उठायचं, अंबाझरीवरून, फुटाळ्यावरून जायचं, रामटेकला एक चक्कर मारायची आणि परत येऊन एकामागे एक उतरायचं. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर आहे, त्यात उन्हाळ्यात लाईव्ह वेदर लावलं तर हवा इतकी विरळ होते की विमान जवळपास पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागते, पट्टी जास्त खाते आणि हळू चढते. इथं ज्यानं हात बसवला त्याला किनाऱ्यावर विमान हलकं वाटेल. पण एक सवय मोडावी लागते. नागपुरात आल्टिमीटर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारा काटा) दोन हजार दाखवत असला तर आपण जमिनीपासून हजार फुटांवरच असतो, किनाऱ्यावर तोच दोन हजार म्हणजे पुरे दोन हजार, त्यामुळे नागपूरच्या अंदाजानं उतरायला गेलं की माणूस कायम उंच राहतो.

तसं पाहिलं तर ठरल्या वेळी विमानं एकत्र जमण्याची रीत नागपूरला जुनीच आहे. १९४९मध्ये रात्रीची एअरमेल सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही बाजूंची विमानं मध्यरात्री सोनेगावला उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेच्या आत परत निघायची. ना आजच्यासारखी उपकरणं ना जीपीएस, तरी मेळ बसायचा, काहून की वेळ आणि उंची आधी ठरलेली असायची.

उंचीवरून आठवलं, बॅरोमीटर. सिममध्ये कीबोर्डवरचं B बटण दाबलं की आल्टिमीटर तिथल्या हवेच्या दाबाला जुळते. प्रत्येक विमानतळाजवळ लीडरनं आठवण करून द्यायची आणि सगळ्यांनी एकदमच दाबायचं. हवेच्या दाबाचा एक हेक्टोपास्कल म्हणजे जवळपास तीस फूट, आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर दाब १००५पर्यंत उतरतो, म्हणजे जो १०१३वरच बसून आहे त्याचं विमान बाकीच्यांपेक्षा दोन-अडीचशे फूट खाली चाललं असते आणि त्याला ते कळतही नाही.

ग्रुपमध्ये दोन माणसं पक्की हवीत. पुढे लीडर, जो वेग धरून ठेवतो आणि वाट दाखवतो. आणि सगळ्यात मागे एक अनुभवी माणूस, ज्याच्या पुढे सगळे असलेच पाहिजेत. बरेच ग्रुप लीडर नेमतात आणि मागच्याला विसरतात. खरं तर मागचाच जास्त महत्त्वाचा, काहून की हरवणारा नेहमी मागेच हरवतो. त्यानं दर दहा मिनिटांनी माणसं मोजायची. दोन विमानांत मैलभर अंतर ठेवा, स्ट्रोब लाईट दिवसाही चालू ठेवा.

बोलण्यासाठी डिस्कॉर्ड हे ग्रुपनं बोलायचं अ‍ॅप आहेच, पण गप्पांचा चॅनल वेगळा आणि उडण्याचा वेगळा. उडण्याच्या चॅनलवर तीनच गोष्टी बोलायच्या : मी कुठं, किती उंचीवर, काय करून राहिलो. "तीन नंबर, जयगडवर, पंधराशे फूट, तुमच्या मागे येतो आहे भाऊ." झालं, एवढंच. उतरताना पट्टीच्या सरळ रेषेत आलो की "तीन नंबर, फायनलला, तीन मैल" आणि पट्टी सोडली की "तीन नंबर, पट्टी मोकळी". व्हॅटसिमवर, म्हणजे जिथं खरी माणसं ऑनलाईन कंट्रोलर होतात त्या नेटवर्कवर, जाणार असाल तर कंट्रोलर ऑनलाईन आहे का ते आधी पाहा, असेल तर त्याचंच ऐकायचं आणि डिस्कॉर्डवर गप्प बसायचं. पण पहिल्या टूरला व्हॅटसिम नको, नवीन पोरं एकाच वेळी विमान, ग्रुप आणि कंट्रोलर सांभाळू शकत नाहीत.

पहिली बैठक, जुहू ते रत्नागिरी. १९३२च्या १५ ऑक्टोबरला जे.आर.डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे याच जुहूला उतरले होते, त्यामुळे सुरुवात इथूनच करायला मजा येते. पट्टी छोटी आहे आणि मुंबईचा मोठा विमानतळ अगदी पाठीला पाठ लावून आहे, इतका की १९७२मध्ये जपान एअरलाईन्सचं डीसी-८ मोठा विमानतळ समजून जुहूलाच उतरलं होतं. आपण समुद्राच्या दिशेनं, सव्वीस नंबरच्या पट्टीवरून उठायचं, हजार फुटांच्या आतच राहायचं आणि पाण्यावर आलो की डावीकडे वळायचं. मोठ्या विमानतळावरून उठणारी विमानं डोक्यावरून जातात, म्हणून कुलाबा मागे पडेपर्यंत उंची वाढवायची नाही. मग पंधराशेला स्थिर व्हा.

इथून पुढे जीपीएसकडे न पाहता खाड्या मोजत जायचं. खांदेरी-उंदेरी, अलिबागचा कुलाबा किल्ला, रेवदंडा, मग राजपुरीच्या खाडीच्या तोंडावर जंजिरा. जंजिऱ्यावर पहिला थांबा घ्या. किल्ला डाव्या पंखाखाली ठेवायचा, वीस-पंचवीस डिग्री कलायचं आणि डावीकडून गोल फिरायचं, सगळे एकाच दिशेनं, आणि प्रत्येकानं समोरच्याला खिडकीत दिसत ठेवायचं. मागचा माणूस मोजतो, सगळे आले की लीडर सुटतो. इथंच कळते की ग्रुप जमला की नाही. पहिल्या चकरेत सगळे वेगवेगळ्या उंचीवर असतात, कोणी आतून कापतो, कोणी लांब जातो, तिसऱ्या चकरेपर्यंत माळ लागते. जमेपर्यंत फिरा, घाई नको. पुढे सावित्रीची बाणकोट खाडी, हर्णैचा सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीचं जयगड, गणपतीपुळे आणि मग रत्नागिरी.

कोणी मध्येच गळला तर त्याच्यासाठी दहा मिनिटं गोल फिरायचं, त्याहून जास्त नाही. त्यानं पुढच्या विमानतळावर येऊन थांबायचं हा नियम आधीच ठरलेला असू द्या, म्हणजे त्यालाही वाईट वाटत नाही आणि बाकीच्यांची बैठक वाया जात नाही.

दुसरी बैठक चिपी आणि गोवा, छोटी आणि सोपी. विजयदुर्ग, देवगड, मालवणचा सिंधुदुर्ग, सगळे किल्ले पाण्यालगत असल्यामुळे वरून ओळखता येतात. दुपारनंतर समुद्रावरून जमिनीकडे वारं वाहते, म्हणून बहुतेक वेळा पश्चिमेकडे तोंड करून उतरावं लागते, चिपीला सत्तावीस आणि दाबोळीला सव्वीस नंबरची पट्टी. म्हणजे किनारा ओलांडून जमिनीवर आत जायचं आणि समुद्राकडे परत फिरायचं. नवीन पोरं इथं गोंधळतात, त्यांना नकाशावर आधी दाखवा.

तिसरी बैठक मात्र तयारीनं करायची. दाबोळीवरून निघालं की कारवारला काळी नदीचा पूल, गोकर्ण, मुरुडेश्वर, त्याच्यासमोर समुद्रात नेत्राणी बेट, उडुपीजवळ सेंट मेरी बेटं, रस्ता सुंदर आहे आणि लांब आहे, इथं गप्पा मारा. पण मंगळुरू, कन्नूर आणि कोळिकोड ही तिन्ही पठारावरची टेबलटॉप विमानतळं, धावपट्टीच्या टोकाला जमीन संपते आणि दरी लागते. मंगळुरूला २०१०मध्ये आणि कोळिकोडला २०२०मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसची विमानं पट्टी ओलांडून खाली गेली, मंगळुरूला १५८ माणसं गेली. हे ग्रुपला सांगा आणि तिथं मस्करी नको. सिममध्ये दरीत पाडून हसणारी पोरं असतात, त्यांना शांतपणे थांबवा.

टेबलटॉपवर डोळा फसतो. पट्टीच्या आधी खाली खोल दरी दिसते म्हणून आपण खूप उंच आहोत असं वाटते, आणि माणूस नाक दाबतो. दरीकडे पाहूच नका, पट्टीच्या बाजूचे पापीचे, म्हणजे उंची बरोबर आहे की नाही ते दाखवणारे, चार दिवे पाहा, दोन पांढरे दोन लाल आले की बरोबर. हिशेब सोपा आहे, दर मैलाला तीनशे फूट. तीन मैलांवर पट्टीपासून नऊशे फूट वर हवं, आणि इथं पट्टीच साडेतीनशे फुटांच्या जवळ आहे, म्हणजे आल्टिमीटरवर साडेबाराशे. उतरण्याचा दर म्हणजे जमिनीवरच्या वेगाची पाचपट, नव्वद नॉटला साडेचारशे फूट मिनिटाला. पट्टीच्या पहिल्या तिसऱ्या भागात चाकं टेकली नाहीत तर सरळ पॉवर द्यायची, परत फिरून यायचं. ज्यानं गो-अराउंड केला त्याचं चॅनलवर कौतुक करा, म्हणजे बाकीचेही न लाजता करतील.

कोचीला मोठी ३४०० मीटरची पट्टी आहे, कोणालाही जमते. तिथं रात्रीचा मुक्काम.

आता आगत्ती. किनारा सुटला की हाताशी धरायला काहीच उरत नाही, खाली पाणी, वर आकाश, आणि धुकं असलं तर दोन्ही एकच. उंची डोळ्यानं कळत नाही, म्हणून इथं नजर आतल्या उपकरणांवर. पश्चिमेकडे जाताना उंची सम हजार अधिक पाचशे असते, आपण ६५०० घ्या. निघायचं सकाळीच, काहून की सकाळी सूर्य पाठीशी राहतो, संध्याकाळी तोच दीड तास डोळ्यात जातो.

माझा आग्रह आहे की जीपीएस फक्त लीडर आणि मागच्यानं लावायचं, बाकीच्यांनी होकायंत्र आणि घड्याळ. त्यासाठी एक गणित पाठ करा : साठ मैलांवर एक अंश चूक म्हणजे एक मैल बाजूला. अडीचशे मैलांवर पाच अंश चूक म्हणजे वीस मैल, आणि आगत्ती बेट लांबीला सात किलोमीटरच आहे, रुंदीला तर अजूनच कमी. वाऱ्याचंही तसंच. उत्तरेकडून वीस नॉटचं वारं असेल आणि तुम्ही नाक सरळच ठेवलं तर दीड तासात तीस मैल दक्षिणेला सरकाल. एकशेसाठच्या वेगाला वीस नॉट आडवं वारं म्हणजे साडेसात अंश, तेवढं नाक वाऱ्याकडे वळवून ठेवायचं.

सुदैवानं वाटेत दोन खुणा आहेत. साधारण तासाभरानं, म्हणजे १६० मैलांच्या आसपास, उजव्या हाताला पंधरा मैलांवर आंद्रोत बेट दिसायला पाहिजे. ते दिसलं की प्रत्येकानं इंधन सांगायचं. आगत्तीच्या आसपास दुसरा पर्यायी विमानतळ नाही, वाऱ्यानं उतरू दिलं नाही तर परत कोचीलाच यावं लागते, म्हणून निघतानाच जाऊन-येऊन पुरेल इतकं आणि वर तासभराचं इंधन भरा. ज्याचं कमी भरलं आहे त्यानं आंद्रोतवरूनच वळायचं, सोबत एक जण द्यायचा. पुढे वीस-पंचवीस मिनिटांनी डाव्या हाताला कवरत्ती, मग आगत्ती तीसेक मैल उरते. आंद्रोत डावीकडे दिसलं तर तुम्ही फार उत्तरेला गेलात, घाबरायचं नाही, ते उजवीकडे येईल असं डावीकडे वळून परत लाईनवर या.

आगत्तीला सगळ्यांनी एकदम जायचं नाही. बेटाच्या दक्षिण टोकाला पट्टी आहे, तीस मीटर रुंद, दोन्ही टोकांना पाणी, आणि समांतर टॅक्सीवे नाही, उतरलेल्याला पट्टीवरूनच मागे फिरून यावं लागते. म्हणून बाकीच्यांनी ईशान्येला आठ-नऊ मैलांवरच्या बंगारमवर जंजिऱ्यासारखंच डावीकडून गोल फिरायचं आणि "पट्टी मोकळी" ऐकल्यावरच एकेकानं निघायचं. सगळ्यात नवीन पोराला लीडरच्या पाठोपाठ दुसरं उतरवा, शेवटपर्यंत वाट पाहायला लावलं की त्याचा हात थरथरतो. मागचा माणूस सगळ्यात शेवटी.

अरुंद पट्टी पाहून पुन्हा आपण उंच आहोत असा भास होते, इथंही तीनशे फूट प्रति मैल हाच हिशेब. पूर्ण फ्लॅप, फायनलला ऐंशी-पंच्याऐंशी नॉट, त्याच्यावर वेग ठेवला तर कॅराव्हॅन पट्टीवर तरंगत राहते आणि बाराशे मीटर भराभर संपतात. टेकलं की रिव्हर्स, मग ब्रेक.

सगळे उतरल्यावर लगेच सिम बंद करू नका. सगळ्यांचे ट्रॅक लिटल नॅव्हमॅप या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून एकावर एक पाहा, कोचीपासून कोण किती सरकला ते रेषेवर स्पष्ट दिसते, पुढच्या वेळी वाऱ्याचं गणित त्यावरूनच दुरुस्त होते. आणि ग्रुपला अजून पुढे जायचं असेल तर आगत्तीवरून दक्षिणेला मालदीवचं हनिमाधू आहे, तेही अडीचशे मैलच, वाटेत मिनिकॉय लागते. पण मिनिकॉयला उतरायची सोय नाही, म्हणून आगत्तीलाच टाक्या काठोकाठ भरून घ्या.